नांगरटीला एकरी डिझेल दर हंगामात का वाढते आणि कारण कसे शोधावे

दौंड, इंदापूर, बारामती आणि शिरूर या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत उन्हाळी नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरधारकांची एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. ट्रॅक्टर डिझेल फार खातो म्हणून फिल्टर बदलले जातात, नोझल तपासून घेतले जातात, प्रसंगी पंपही उतरवला जातो. त्यानंतर काही दिवस खप कमी झाल्यासारखा वाटतो आणि पुढच्या नांगरटीला तीच तक्रार पुन्हा उभी राहते. दोष इंजिनात असता तर तो वर्षभर आणि प्रत्येक कामात जाणवला असता. जो दोष ठरावीक हंगामात आणि ठरावीक कामातच परत येतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा टायर, माती आणि अवजार यांच्यामध्ये असते. म्हणून तपासणीची सुरुवात बॉनेट उघडून न करता शेतात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन ४० ते ५० अश्वशक्तीचा, मागच्या दोन चाकांवर ओढणारा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण आपल्या भागात तोच सर्वाधिक दिसतो.

आधी मोजणी बदला

बहुतेक जण "तासाला इतके लिटर" असा हिशेब सांगतात आणि इथेच शोध चुकतो. इंजिनच्या फेऱ्यांवर चालणारा तासमापक घड्याळाप्रमाणे चालत नाही. कंपनीने ठरवलेल्या फेऱ्यांवर इंजिन असेल तरच त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाएवढा भरतो, आणि इंजिन हळू फिरत असेल तर मीटरही हळू चालतो. शिवाय चाक जागेवर फिरत असताना तासाचा खप फारसा वाढलेला दिसत नाही, पण तेवढ्या तासात नांगरले गेलेले गुंठे मात्र कमी भरतात. शेतकऱ्याला शेवटी नांगरलेल्या जमिनीचे पैसे पडतात, म्हणून मोजायचे ते एकरी लिटर.

पद्धत साधी आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरावी, ज्याचे क्षेत्र नक्की ठाऊक आहे असा तुकडा, शक्यतो एक एकर म्हणजे ४० गुंठे, पूर्ण करावा, आणि त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ट्रॅक्टर उभा करून मापाने डिझेल भरत टाकी पुन्हा तेवढीच भरावी. जेवढे लिटर लागले तेवढा त्या कामाचा खप. वहीत फक्त लिटर लिहून भागत नाही. अवजार कोणते, खोली किती इंच, गियर कोणता, इंजिनच्या फेऱ्या किती आणि जमीन कोरडी होती की वाफशावर (मशागतीला योग्य ओलीवर), या गोष्टी सोबत लिहिल्या नाहीत तर पुढच्या वर्षी त्या आकड्याची कशाशीही तुलना करता येत नाही.

इंजिन की ओढ, हे वेगळे कसे करावे

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट, म्हणजे १० किलोवॅट-तास, ऊर्जा असते. सुस्थितीतले ट्रॅक्टरचे इंजिन योग्य भारावर असताना त्यातील ३ ते ३.५ युनिट कामाच्या रूपात देते. उरलेली ऊर्जा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते. यात दुरुस्तीने फार मोठी भर घालता येत नाही. मात्र इंजिनने दिलेल्या शक्तीपैकी ओढीपर्यंत किती पोचते, यात फरक मोठा असतो: घट्ट जमिनीवर दोनचाकी ओढीच्या ट्रॅक्टरची सुमारे ७० टक्के शक्ती ओढीला लागते, तर भुसभुशीत, मऊ जमिनीवर ती ५५ टक्क्यांपर्यंत उतरते. टायर आणि वजन बिघडलेले असेल तर त्याहूनही खाली जाते. म्हणजे मिस्त्रीच्या हातात आहे त्यापेक्षा अधिक डिझेल चालकाच्या हातात आहे.

दोष कोणत्या बाजूला आहे हे ओळखण्यासाठी कामांची तुलना करावी. नांगर, मोगडा, कल्टीव्हेटर अशा ओढीच्या कामात खप वाढला आहे, पण पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या, यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावर) चालणाऱ्या मळणी यंत्राला किंवा रस्त्यावर ट्रॉली ओढताना तो पूर्वीइतकाच आहे, तर इंजिनाकडे जाण्याचे कारण नाही. सगळ्याच कामांत वाढला असेल आणि धुराचा रंगही बदलला असेल, तर इंजिन तपासावे. एकाच अवजारासोबत वाढला असेल तर ते अवजार शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला लावून एक तुकडा नांगरून पाहावा. तोही ट्रॅक्टर दबला तर दोष अवजाराचा, हे वेगळे सांगायला नको.

चाकाची घसरण

ऊसपट्ट्यात ही तक्रार नेमकी एप्रिल-मेमध्ये का उभी राहते, याचे उत्तर माझ्या मते गळीत हंगामात आहे. कारखाने सुरू झाले की हेच ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन महिनोन्‌महिने डांबरी रस्त्यावर धावतात. त्या कामासाठी मागच्या टायरमध्ये हवा वाढवली जाते, आणि ती योग्यही असते. डांबरावर टायरच्या नक्षीच्या कडा झिजतात. गळीत हंगाम संपतो, ट्रॉली सुटते, नांगर जोडला जातो, पण हवा तीच राहते. जास्त हवेचा टायर फुगून मधल्या भागावरच टेकतो, मातीला कमी पकडतो आणि झिजलेल्या नक्षीमुळे उरलेली पकडही सुटते. शेतकऱ्याला दिसते ते एवढेच की ट्रॅक्टर पूर्वीसारखा ओढत नाही, आणि तो इंजिनाला दोष देतो.

घसरण डोळ्यांनी नीट कळत नाही, ती मोजावी लागते. मागच्या चाकावर खडूने एक खूण करावी. अवजार उचलून, त्याच शेतात, कामाच्याच गियरमध्ये ट्रॅक्टर चालवावा आणि चाकाच्या बरोबर १० फेऱ्यांत तो किती अंतर गेला ते टेपने मोजावे. मग नांगर नेहमीच्या खोलीवर घालून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे. समजा मोकळ्या चाकावर ४० मीटर भरले आणि नांगरासह ३२ मीटर, तर ८ मीटर वाया गेले. घसरण २० टक्के झाली. नांगरटीसारख्या कामात ८ ते १५ टक्के घसरण योग्य मानली जाते. चाकांच्या ट्रॅक्टरची ओढ तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांमध्येही १५ टक्के हीच मर्यादा धरतात. घसरण १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेली, तर तेवढेच अंतर कापायला चाकाला २० टक्के अधिक फेऱ्या माराव्या लागतात, आणि इंजिनला त्याच प्रमाणात अधिक वेळ चालावे लागते. डिझेलबरोबर टायरही झिजतो हा तोटा निराळाच.

टेप जवळ नसेल तर चाकोरी पाहावी. टायरच्या नक्षीचे ठसे मातीत अगदी कोरीव, स्वच्छ उमटले असतील तर घसरण फारच कमी आहे, म्हणजे ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे. ठसे ओळखू येतात पण कडा किंचित पुसल्या आहेत, अशी चाकोरी उत्तम. ठसे पूर्ण पुसून माती घासल्यासारखी दिसली तर घसरण मर्यादेबाहेर गेली आहे.

उपाय करताना हवेपासून सुरुवात करावी, कारण त्याला खर्च येत नाही. शेतातल्या कामासाठी मागच्या साध्या टायरमध्ये साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते; नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत टायरच्या मापाप्रमाणे आणि भाराप्रमाणे दिलेला असतो, तोच अखेरचा मानावा. हवा सकाळी, टायर थंड असताना आणि खात्रीच्या गेजने मोजावी, आणि दोन्ही बाजूंना सारखी ठेवावी. त्यानंतरही घसरण जास्त असेल तर वजनाकडे वळावे: मागच्या चाकांना बिडाची वजने लावावीत किंवा व्हॉल्व वरच्या बाजूला घेऊन टायर तीन-चतुर्थांश पाण्याने भरून घ्यावा. मात्र हे वजन कायमचे चढवून ठेवू नये. मावळ, मुळशी, भोरच्या भातखाचरांत चिखलणी करताना जड ट्रॅक्टर रुततो आणि रुतलेले चाक वर काढण्यातच डिझेल जाते. तिथे लोखंडी केज व्हील (चिखलात न रुतणारे पिंजऱ्यासारखे चाक) हेच उपयोगी पडते. रस्त्यावरच्या वाहतुकीतही विनाकारण वाहिलेल्या वजनाला डिझेल पडते.

अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचा दांडा हा घसरणीचा दुर्लक्षित भाग आहे. अनेक चालक नांगरट करताना पोझिशन कंट्रोलवरच (अवजार एकाच उंचीवर धरून ठेवणाऱ्या दांड्यावर) काम करतात किंवा नांगराचा सगळा भार त्याच्या खोली-चाकावर टाकतात. ड्राफ्ट कंट्रोल वापरला तर जमीन कठीण लागताच लिफ्ट नांगर किंचित वर उचलते आणि त्याचे वजन मागच्या चाकांवर येते. म्हणजे ज्या क्षणी पकडीची गरज असते त्याच क्षणी ती वाढते. टॉप लिंकची (अवजाराला वरून जोडणाऱ्या, लांबी बदलता येणाऱ्या दांड्याची) लांबी चुकली असेल आणि नांगराचे टोक जमिनीत जास्त घुसत असेल किंवा शेपटी वर राहत असेल, तर हा फायदा मिळत नाही.

अवजाराने ओढलेले डिझेल

एक एकर जमीन ८ इंच खोल नांगरताना सुमारे एक हजार टन माती उचलून पालथी घातली जाते. खोली एका इंचाने वाढवली की त्यात सव्वाशे टनांहून अधिक भर पडते, आणि खालचा थर घट्ट असेल तर ओढ त्या प्रमाणापेक्षाही जास्त वाढते. त्यामुळे कोणत्या पिकासाठी किती खोल जायचे हे आधी ठरवावे. उसाच्या नव्या लागणीसाठी खोल नांगरट समजण्यासारखी आहे. बाजरी किंवा हरभऱ्याच्या रानात दरवर्षी तेवढ्याच खोलीचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. खोली तासाच्या (नांगराने पडलेल्या चरीच्या) कडेला पट्टी उभी करून मोजावी, कारण नांगरलेली माती फुगलेली असते आणि वरून पाहणाऱ्याला तास आहे त्यापेक्षा खोल वाटतो.

फाळाची झीज हे दर हंगामात परत येणारे दुसरे कारण. पुरंदर, शिरूरच्या मुरमाड, खडीच्या जमिनीत फाळाचे टोक लवकर बोथट होते. बोथट फाळ माती कापत नाही, ढकलतो. नांगर खोल जात नाही म्हणून चालक टॉप लिंक आखडतो, नांगर नाकावर चालू लागतो आणि ओढ आणखी वाढते. नवा फाळ शेजारी ठेवून जुन्याची लांबी पाहिली की झीज लगेच कळते. डिझेलच्या तुलनेत फाळाची किंमत किरकोळ असते, तरीही हा खर्च पुढे ढकलला जातो याचे मला नेहमी वाईट वाटते. नांगरताना ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जात असेल आणि स्टिअरिंग सतत धरून ठेवावे लागत असेल, तर मागच्या चाकांमधील अंतर नांगराच्या रुंदीशी जुळत नाही किंवा लोअर लिंक (अवजार खालून जोडणारे दोन दांडे) समपातळीत नाहीत, असे समजावे.

रोटाव्हेटरच्या (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणाऱ्या अवजाराच्या, म्हणजेच रोटरच्या) बाबतीत खप वाढवणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत. झिजलेली किंवा उलट दिशेने बसवलेली पाती मातीत घुसण्याऐवजी पाठीने घासतात. मागची फळी पूर्ण दाबून ठेवली तर माती आत पुन्हा पुन्हा आपटली जाते आणि भार वाढतो. त्यात ट्रॅक्टर अगदी हळू आणि रोटर वेगात चालवला तर माती पिठासारखी होते. काळ्या जमिनीत अशा मातीवर पाऊस पडला की वर कडक पापडी धरते, म्हणजे जास्त डिझेल जाळून उगवण खराब करून घेतली जाते. पेरणीसाठी ४ ते ५ इंच खोली आणि हरभऱ्याएवढी बारीक ढेकळे पुरेशी असतात.

जमिनीची वेळ या सगळ्यापेक्षा मोठी आहे. नीरा आणि भीमेच्या काठची खोल काळी जमीन ऊस तुटल्यावर ओल असतानाच नांगरली तर माती सुटून पडते. तीच जमीन महिनाभर तापू दिली तर हातभर ढेकळे निघतात, आणि ती फोडण्यासाठी रोटरच्या दोन पाळ्या वाढतात. उशीर झालाच असेल तर वळवाच्या पावसाची किंवा हलक्या पाण्याची वाट पाहून वाफशावर नांगरावे. तासाच्या तळाची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, चपटा होऊन चिकटला तर अजून थांबावे. ओल्या जमिनीत घाई केली तर चाकही घसरते आणि तळाची माती दाबली जाऊन पुढच्या वर्षीची नांगरट आणखी जड होते.

गियर, फेऱ्या आणि वळणे

कुळवणी, सरी पाडणे, फण मारणे अशी हलकी कामे पुष्कळदा पूर्ण ॲक्सिलरेटरवर आणि खालच्या गियरमध्ये केली जातात. इंजिन अशा वेळी स्वतःच्याच घर्षणासाठी डिझेल जाळत असते. भार हलका असेल तर एक गियर वर घेऊन फेऱ्या कमी कराव्यात; वेग तोच राहतो आणि खप लक्षणीय उतरतो. इंजिन दबत नाही ना, हे पाहण्यासाठी काम चालू असताना हाताचा ॲक्सिलरेटर पटकन वाढवावा: इंजिनने लगेच फेऱ्या घेतल्या तर गियर योग्य आहे, काळा धूर सोडत ते तसेच राहिले तर एक गियर खाली यावे. ही रीत रोटाव्हेटर किंवा द्राक्षबागेतल्या ब्लोअरला लावता येत नाही, कारण त्यांना पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्या लागतात. ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओ असेल तर हलक्या यंत्रासाठी तो वापरावा. त्यात इंजिन हळू फिरूनही ५४० फेऱ्या मिळतात.

वळणांचा हिशेब फार थोडे जण करतात. १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असा एकराचा तुकडा घ्या. दोन फाळांचा नांगर २ फूट पट्टा घेतो असे धरले, तर लांबीच्या बाजूने सुमारे ६७ तास (चरी) पडतात आणि रुंदीच्या बाजूने १६७. एका वळणाला २० सेकंद धरले तरी पहिल्या पद्धतीत २२ मिनिटे आणि दुसऱ्या पद्धतीत ५५ मिनिटे नुसती वळण्यात जातात. रानाला उतार असेल तर अर्थातच उताराला आडवे नांगरणे आधी. सपाट रानात मात्र लांब तासाला पर्याय नाही. बांधावर गप्पा मारताना चालू ठेवलेले इंजिन तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल पिते, तेही या हिशेबात धरावे.

आता इंजिन

वरील सर्व तपासूनही खप वाढलेलाच असेल, तर इंजिनमध्ये हवेपासून सुरुवात करावी. उन्हाळी रोटरच्या धुळीत एअर क्लीनर लवकर चोंदतो. तेलाच्या एअर क्लीनरमध्ये तेल खुणेइतकेच असावे आणि ते गाळ धरून घट्ट झाले की बदलावे. कोरड्या फिल्टरचा बाहेरचा भाग आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने साफ करावा, टायरवर आपटू नये आणि आतला छोटा फिल्टर साफ करून पुन्हा बसवू नये. काळा धूर म्हणजे हवा कमी, भार जास्त किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम इंजिनमधूनही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत जाते आहे. टॅपेटची फट, क्लचचा आणि ब्रेकचा मोकळा खेळ, डिझेलच्या नळीचे जोड हे पुस्तिकेप्रमाणे पाहून घ्यावेत.

थर्मोस्टॅटचा उल्लेख मुद्दाम स्वतंत्र करतो. इंजिन तापते म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यामुळे इंजिन सतत थंड चालते, डिझेल अर्धवट जळते, ऑइल पातळ होते आणि सिलिंडर झिजतो. तापण्याचे खरे कारण रेडिएटरच्या जाळीत बसलेला भुसा, सैल पट्टा किंवा कमी पाणी यांपैकी असते. ते दूर करून थर्मोस्टॅट पुन्हा बसवावा.

शेवटी पंप, म्हणजे इंजिनला डिझेल पुरवणारा पंप. ऊस वाहतुकीच्या आधी "पंप वाढवून" घेण्याची रीत दर मोसमात दिसते. चढाला ट्रॉली ओढावी म्हणून डिझेलचा पुरवठा कंपनीच्या मापापेक्षा जास्त केला जातो, पण तेवढी हवा इंजिन घेऊ शकत नाही, म्हणून जादा डिझेलचा मोठा भाग काळ्या धुरातून बाहेर पडतो आणि पिस्टन, व्हॉल्व जास्त तापतात. ट्रॉली सुटली तरी पंपाचे माप कोणी परत करत नाही, आणि नांगरटीत प्रत्येक एकराला त्याचे पैसे पडत राहतात. त्यामुळे यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरबाबत कार्यशाळेत सांगताना "डिझेल जास्त खातो, बघा" एवढेच सांगू नये. पंप कंपनीच्या तक्त्याप्रमाणे टेस्ट बेंचवर लावावा, नोझलचा दाब आणि फवारा दोन्ही तपासावेत, टायमिंग पाहावे आणि प्रत्येक माप बिलावर लिहून द्यावे, अशी स्पष्ट मागणी करावी. सील तुटलेले असेल तर नवे बसवून घ्यावे. ट्रॅक्टर घरी आल्यावर त्याच शेतात, त्याच गियरमध्ये आणि त्याच खोलीवर पुन्हा एक एकर मोजून काढावा; खप उतरला नाही तर पुढची पायरी कॉम्प्रेशन तपासण्याची आहे.